मियाटाचं इंजिन: फक्त चार अंशांचा फरक

१९८९ साली आलेली पहिली माझदा मियाटा माझी सगळ्यात लाडकी गाडी. १.६ लिटरचं, १६ व्हॉल्व्हचं इंजिन आणि वजन एक टनाच्या आत, त्यामुळे ताकद थोडी वाढली तरी लगेच जाणवते. नवीन मंडळी थेट टर्बोच्या गप्पा मारतात. माझं म्हणणं, आधी इग्निशन टायमिंग बघा. खर्च जवळजवळ शून्य.

कंपनीचं सेटिंग टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर पोहोचतो त्या बिंदूच्या, आधी १० अंश. इंजिन नीट गरम होऊ द्या. डायग्नोस्टिक बॉक्समधले टेन आणि ग्राउंड हे पॉइंट वायरच्या तुकड्याने जोडा, म्हणजे कॉम्प्युटर टायमिंगमध्ये ढवळाढवळ करत नाही. मग हेडच्या मागचा कॅम अँगल सेन्सर सैल करून अगदी केसभर फिरवा. टायमिंग लाइटच्या उजेडात पुलीवरची खूण सरकताना दिसते, ते बघायला काय मजा येते! बरेच जण १४ अंशांवर थांबतात. कमी आरपीएमला गाडी पटकन उचल घेते.

पेट्रोल मात्र जास्त ऑक्टेनचंच भरा. चढावर टिकटिक ऐकू आली तर लगेच टायमिंग मागे घ्या, नॉकिंगने पिस्टन फुटतात. आणि हो, ती वायर आठवणीने काढा.