पाठवणीची पेढी

मुंबईच्या व्यापारी वस्तीत कापसाच्या, सोन्याच्या, धान्याच्या आणि हुंडीच्या पेढ्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, आणि त्यांच्यावर ग्रंथ नाही तरी निदान गौरवलेख लिहिले गेले. परंतु गेल्या पन्नास वर्षांत जिच्या जिन्यावरून कोकणातले, तेलंगणातले, उत्तर प्रदेश-बिहारातले लक्षावधी गवंडी, सुतार, वेल्डर, वाहनचालक आणि आचारी समुद्रापार गेले, त्या परदेशी नोकरभरतीच्या घरगुती पेढीची दखल वर्तमानपत्रांनी घेतली ती बहुधा फसवणुकीच्या बातमीपुरतीच. अशा बातम्या खोट्या नसतात. तथापि ठकांच्या हकिकतींवरून एखाद्या धंद्याची पारख करणे म्हणजे बुडालेल्या पतपेढीवरून सावकारीचा इतिहास लिहिण्यासारखे आहे. म्हणून येथे परवानाधारक, कुटुंबाने चालविलेल्या, फार मोठ्या नव्हेत आणि अगदी किरकोळही नव्हेत अशा पेढ्यांचा विचार केला आहे.

ही पेढी ओळखण्यास कठीण नाही. माहीम, मशीद बंदर, साकीनाका किंवा बेलापूर येथील एखाद्या इमारतीत उमेदवारांची रांग जिन्यातच सुरू होते. आत भिंतीवर परराष्ट्र मंत्रालयाच्या नोंदणीचा दाखला चौकटीत लावलेला असतो, त्याशेजारी संस्थापक वडिलांची तसबीर. समोरच्या टेबलावर मुलगा, हिशेबाच्या खोलीत जावई, आणि ज्या कपाटात दुसऱ्यांचे पासपोर्ट ठेवलेले आहेत त्याची किल्ली घरातल्याच कुणाकडे तरी. पगारी कारकून पुष्कळ असले तरी ही किल्ली सहसा त्यांच्या हाती जात नाही. कारण एक पासपोर्ट गहाळ होणे म्हणजे एका माणसाचा व्हिसा, विमानाचे तिकीट आणि त्याने गावी काढलेले कर्ज ही तिन्ही एकदम बुडणे होय.

माणसे समुद्रापार नेण्याचा व्यवसाय या देशाला नवा नाही. १८३४ पासून मॉरिशसकडे आणि पुढे त्रिनिदाद, नाताळ, फिजी इकडे गिरमिटिया मजूर गेले, आणि १९१७ मध्ये ती पद्धत बंद पडली. पण सिलोन आणि मलाया येथील मळ्यांसाठी माणसे आणणारा कंगाणी हा तिच्याहून निराळा आणि आपल्या विषयाला अधिक जवळचा इसम होता. तो स्वतः मळ्यावरचा जुना मजूर; मालकाची उचल घेऊन तो आपल्या गावी येई आणि भाऊबंद, सोयरे, जातबांधव यांना बरोबर घेऊन परत जाई. त्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवीत, आणि त्या विश्वासाबरोबरच त्याच्या वहीतले कर्जही त्यांच्या अंगाला चिकटे. मुंबई बंदरात खलाशांच्या भरतीत घाट सारंग या मध्यस्थाचे वर्चस्व होते ते याच जातीचे, आणि ते मोडण्यासाठी अखेर सरकारला १९५४ मध्ये खलाशांकरिता स्वतंत्र रोजगार कचेरी उघडावी लागली. आजच्या घरगुती पेढीच्या वंशवृक्षात हे दोन्ही पूर्वज आहेत.

१९७३ नंतर तेलाच्या किमती कडाडल्या, आखातात रस्ते, बंदरे, शुद्धीकरण कारखाने आणि नवी शहरे एकाच वेळी उभी राहू लागली, आणि मजुरांची मागणी अशा वेगाने आली की, १९२२ चा जुना परदेशगमन कायदा तिच्यापुढे हतबल झाला. त्या काळी श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड या बाजूची माणसे आखातात आधीपासून जात-येत होती. त्यांच्यापैकी ज्याला थोडे इंग्रजी येत होते आणि ज्याची एखाद्या कंत्राटदाराशी ओळख झाली होती, त्याने मुंबईत एक खोली घेऊन आपल्या पंचक्रोशीतील पोरे पाठविण्यास सुरुवात केली, ही अनेक पेढ्यांच्या आरंभाची सर्वसाधारण हकीकत आहे. ३० डिसेंबर १९८३ पासून नवा परदेशगमन कायदा अमलात आला आणि या ओळखीच्या व्यवहाराला परवाना, जामीन, दप्तर आणि तपासणी यांचा साज चढला.

कायद्याने ठरविलेला क्रम असा : परदेशातील मालक मागणीपत्र पाठवितो, पेढीच्या नावे मुखत्यारपत्र करून देतो आणि करारनाम्याचा नमुना जोडतो, त्यांत पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, विमानभाडे हे सर्व नमूद असावे लागते. ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टावर तपासणीचा शेरा असतो, आणि अशा माणसाला आखातात किंवा तपासणीच्या यादीतील इतर देशांत नोकरीसाठी जायचे तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईत ही कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे, परंतु २०१५ च्या सुमारापासून ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेमुळे तेथील हेलपाटे पुष्कळ कमी झाले. मोठ्या परवान्यासाठी पेढीला ५० लाख रुपयांची बँक हमी ठेवावी लागते, ती एवढ्यासाठी की, मालकाने माणसाला वाऱ्यावर सोडले तर त्याला परत आणण्याचा खर्च कोठून तरी वसूल व्हावा.

पेढीचे कसब मात्र कचेरीत दिसत नाही, ते चाचणीच्या आवारात दिसते. तेथे गवंड्याला विटांच्या काही थरांचा एक कोपरा उभा करावयास सांगतात. ओळंबा सोडून, दोरी ताणून, गुण्या लावून तो कोपरा काटकोनात आला की नाही हे मालकाकडून आलेला अभियंता शेवटी पाहतोच. पण पेढीतला मुरलेला परीक्षक त्याच्या कितीतरी आधी, गवंडी थापीवर माल किती घेतो, सांध्यातून बाहेर आलेला माल जमिनीवर पडू देतो की थापीने निपटून पुन्हा घमेल्यात टाकतो, एवढ्यावरून त्याचे मोल ठरवून मोकळा झालेला असतो. लोखंड बांधणाऱ्याच्या हाती नकाशा देतात आणि शिगांची जाडी व अंतर त्याला वाचता येते की नाही हे पाहतात. कारण तार आवळणे पुष्कळांना जमते, नकाशा थोड्यांना. सर्वांत कडक परीक्षा नळ जोडणाऱ्या वेल्डरची. नळ ४५ अंशांत तिरका घट्ट बसविलेला असतो, तो फिरवावयाचा नाही; वेल्डरने स्वतःच त्याच्या भोवती वाकून, उकिडवे बसून, डोक्यावर हात धरून सगळा जोड पूर्ण करावयाचा. हीच त्या व्यवसायात दबदबा असलेली ‘सिक्स-जी’. मग तो जोड क्ष-किरणांखाली तपासतात किंवा त्याचे तुकडे कापून वाकवून पाहतात, आणि पोटात राहिलेला हवेचा बुडबुडासुद्धा उमेदवाराला घरी पाठवितो.

या आवारातच पेढीच्या सचोटीचाही कस लागतो. नापास झालेल्या सुताराला ‘हेल्पर’ म्हणून पाठविता येते. तो जाण्यास उतावीळ असतो, मालकाला माणसे कमी पडत असतात, आणि पेढीचे शुल्क दोन्ही परींनी सारखेच. चांगली पेढी त्याला, पगार किती कमी होईल आणि घेतलेले कर्ज फिटण्यास किती महिने अधिक लागतील, हे तोंडावर सांगते. वाईट पेढी त्याला ‘तिथे गेल्यावर बघू’ असे सांगते.

येथेच या धंद्याच्या मुळाशी असलेली गाठ आहे. पैसे बहुधा मजूर देतो, विश्वास मजूर ठेवतो, परंतु पेढीचे कायमचे गिऱ्हाईक मजूर नसून मालक असतो. मजूर एकदा जातो. मालक दर वर्षी शंभर माणसे मागतो. सेवाशुल्काची कमाल मर्यादा सरकारने ३०,००० रुपये आणि त्यावरील कर अशी ठरवून दिली आहे, आणि पावती देणे बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९९७ च्या करारात तर मजुराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष काहीही घेऊ नये असे म्हटले आहे, पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. प्रत्यक्षात पावतीवरची रक्कम आणि गावात मोजलेली रक्कम यांत जो फरक पडतो तो मधल्या उपदलालाच्या खिशात जातो. हा उपदलाल पेढीचा नोकर नसतो, त्याचे नाव दप्तरात नसते. पुष्कळदा तो पेढीवाल्यांचा मामेभाऊ किंवा गावचा शिक्षक असतो. परवान्याशिवाय भरती करणाऱ्याला १९८३ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे आणि दंड मात्र दोन हजार रुपयांपर्यंत. आज या आकड्याने कोणाला धाक बसेल असे वाटत नाही.

घरगुती पेढ्यांचा दानधर्म या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. जकात या इस्लामी धर्मदायाच्या रकमेतून मुलांच्या फिया भरणे, गावच्या विद्यालयाला वर्गखोली बांधून देणे, रुग्णवाहिका देणे, सामुदायिक विवाहाचा खर्च उचलणे, शाळा सुटलेल्या मुलांसाठी वेल्डिंगचे किंवा वीजकामाचे वर्ग चालविणे, ही कामे अशा कुटुंबांकडून पुष्कळ होतात आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या तालुक्यातून माणसे मिळतात त्या तालुक्यात नाव राखणे हा व्यापारी शहाणपणाही आहे, म्हणून त्यातले औदार्य खोटे ठरत नाही. परंतु वर्गखोलीवर देणगीदाराची कोनशिला बसते. करारात लिहिलेल्यापेक्षा कमी पगार देणाऱ्या मालकाला खडसावून पत्र लिहिण्याची कोनशिला कोठेच बसत नाही, आणि त्या पत्राने गिऱ्हाईक गमावण्याची धास्ती असते. माझ्या मते पेढीचे खरे दातृत्व मोजावयाचे असेल तर ते या दुसऱ्या प्रकारच्या कामातच मोजावे.

त्यातले सर्वांत जड काम मृत्यूनंतरचे. आखातात एखादा मजूर गेला की इस्पितळाचा किंवा पोलिसांचा दाखला, वारसांचे संमतिपत्र, दूतावासात मृत्यूची नोंद व ना-हरकत, पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का, शव टिकविण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र आणि मग विमान कंपनीची मालवाहू पावती, इतके कागद जुळल्यावाचून पेटी निघत नाही. खर्च करण्यास कोणी नसेल तर दूतावासांकडे २००९ पासून समाजकल्याण निधी आहे. अपघाती मृत्यू असेल तर २००३ साली सुरू झालेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेतून १० लाख रुपये मिळू शकतात, आणि त्यासाठी मजुराने दोन वर्षांचा २७५ किंवा तीन वर्षांचा ३७५ रुपये हप्ता जाताना भरलेला असतो. पण विम्याच्या कागदावर वारस म्हणून ‘अमिनाबी’, शिधापत्रिकेवर ‘आमिना’ आणि बँकेच्या खात्यावर माहेरचे आडनाव असा घोळ निघाला की, दावा महिनोन्‌महिने अडतो. जेथे वडील-मुलगा दोघेही पेढीत बसतात, तेथे नावांच्या घोळाबद्दलचे प्रतिज्ञापत्र करून देणे, तहसील कचेरीत माणूस पाठविणे, मालकाकडे थकलेल्या पगाराचा आणि उपदानाचा तगादा लावणे ही कामे विनामूल्य होतात; कारण मृताचा भाऊ पुढच्या महिन्यात त्याच जिन्यावर येणार असतो, आणि त्याच्या आईला ते घरोब्याने ओळखत असतात. नुसत्या नोकरांवर चालणाऱ्या मोठ्या कंपनीत फाईल बंद झालेली असते.

घरपण असे उपयोगी पडते, आणि तेच कधी आडही येते. चुलत्याने नेमलेल्या उपदलालाविरुद्ध पुतण्या फिर्याद करीत नाही. मोठ्या भावाने जोडलेला आखाती मालक दहा-दहा जणांना एका खोलीत कोंबतो हे कळूनही धाकटा भाऊ गप्प बसतो. १९९० साली इराकने कुवेत गिळले तेव्हा सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले, आणि मुंबईतल्या पेढ्यांच्या दारांशी रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांची गर्दी झाली. त्या वेळी कोणी शुल्क परत केले आणि कोणी दार लावून घेतले, याची आठवण कोकणातल्या गावांत अजून निघते, आणि पोराला कोणत्या ऑफिसात पाठवावे याचा निर्णय आजही पुष्कळ घरांत तिच्यावरून होतो.

आता तिसरी पिढी गादीवर आली आहे. परिचारिकांची भरती २०१५ पासून तपासणीच्या देशांपुरती बव्हंशी सरकारी संस्थांकडे गेली, आखातातले मोठे कंत्राटदार थेट मुलाखती घेऊ लागले, आणि महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे काही पेढ्यांनी चाचणीच्या आवाराशेजारी जर्मन भाषेचे वर्ग उघडले आहेत, आणि जेथे गवंड्याच्या हाताची पारख होत असे तेथे आता वीजतंत्र्याला जर्मन क्रियापदे पाठ करावी लागतात. वर्गाची फी कोणी भरावी, मालकाने, मजुराने की पेढीने, यावर तिथेही वाद चालू आहे.