सात सोडणांत चार आंघोळी

गीझरवरचं प्लास्टिक अजून पुरतं निघालेलं नव्हतं. पंधरा लिटरचा, दोन हजार वॉटचा पांढराशुभ्र गीझर नव्या टाइल लावलेल्या बाथरूममध्ये भिंतीवर बसला होता, आणि त्याच भिंतीपलीकडे, मागच्या पडवीला लागून असलेल्या न्हाणीतून पहाटे साडेपाचला धूर निघत होता. या घरात मी आले होते हापूसचा मोहोर बघायला. रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं, की थोड्या अंतरावर आत वळून हे घर. पुढे कलमांची बाग, मागे विहीर आणि पंचवीसेक माडांचं आगर. मोहोरावर लिहायचं ते लिहून झालं. धुराचं कोडं तसंच राहिलं, म्हणून पुन्हा गेले.

रत्नागिरीत कसली आलीय थंडी, असं पुण्या-नाशिकची माणसं हसत म्हणतात. पाऱ्याकडे बघितलं तर त्यांचं बरोबर आहे. जानेवारीत इथला किमान पारा साधारण १८-२० अंशांवर थांबतो. जिल्ह्यात खरी थंडी म्हणायची ती दापोलीची. पण पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटला आणि कौलांच्या फटींतून माजघरात उतरला, की १८ अंश काय असतात ते कळतं. घर बांधलेलंच आहे पावसासाठी आणि मे महिन्यासाठी. उंच छप्पर, वारा खेळावा म्हणून समोरासमोर खिडक्या. ते तापवायचं कसं आणि कशाला? खोली गरम करण्याच्या भानगडीत इथे कोणी पडत नाही. रात्री जुन्या लुगड्यांची गोधडी आणि सकाळी कढत पाण्याची आंघोळ, एवढ्यावर हिवाळा निघतो. शिवाय आंबेवाल्याला थंडी हवीच असते. रात्रीचा पारा विशीच्या खाली उतरला की कलमं मोहोरतात, म्हणून घरचा मुलगा उठल्या उठल्या अंगणात उभा राहून म्हणतो, "पडू दे अजून," आणि लगेच न्हाणीकडे तोंड करून, "आये, पाणी झालं काय?"

ही आये, म्हणजे मी जिला काकी म्हणते ती, सत्तरी ओलांडलेली आहे. घरात ती, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा एसटीत, सून अंगणवाडीत. थोरला मुलगा मुंबईला. गीझर त्याने मागच्या गणपतीत बसवला. गणपतीत चालतो, शिमग्याला चालतो; चाकरमानी मुंबईची गाडी पकडून गेले की काकी बटण बंद करते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीत जाळ लागतो.

न्हाणी म्हणजे तीन बाजूंना छातीइतक्या चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, एका कोपऱ्यात मातीत पक्का बसवलेला तांब्याचा मोठा हंडा. हंड्याचा गळ्यापर्यंतचा भाग मातीत, खाली जाळाला तोंड. काकी आधी कालची राख ओढते. राख थोडी भांड्यांना, बाकीची माडाच्या आळ्यात. मग माडाच्या चुडताची सुकी पानं चुरगळून आत, त्यावर पोयीचा एक तुकडा उभा चिरून. पोय म्हणजे माडाच्या फुलोऱ्यावरचं वाळलेलं, होडीच्या आकाराचं वेष्टण. काडी लावल्या लावल्या ती चरचरत पेटते. आणि मग सोडणं. नारळ सोलल्यावर उरणारी ही जाड साल जगात बहुतेकांना कचरा वाटते. काकी तिच्याकडे निरखून बघते. एकेक उचलून अंगठ्याने दाबते. दबलं तर बाजूला, चुलीच्या कडेला वाळायला. कडक असेल तर आत, आणि तेही काथ्याची बाजू जाळाकडे, सालीची बाजू भिंतीकडे. उलटं घातलं तर नुसतं धुमसतं. दोन सोडणांत बोटभर फट ठेवायची, म्हणजे वारा आत जातो. फुंकणी लागते ती पहिल्या दोन मिनिटांपुरती. एकदा काथ्याने पेट घेतला की सोडण आवाज न करता लाल होत जातं, निखारा धरून ठेवतं.

वास मात्र काही केल्या जात नाही. सोडणाच्या धुराला लाकडाच्या धुरासारखा तिखटपणा नसतो. काहीसा गोडसर, भाजलेल्या करवंटीचा, खाऱ्या हवेत मुरलेला. पाण्याला लागतो, टॉवेलला लागतो, घरी आल्यावर माझ्या ओढणीला होता. नातीला शाळेत मुली म्हणतात, तुला चुलीचा वास येतो. ती गीझरच्या बाजूची आहे.

"सात सोडणांत चार आंघोळी," काकी म्हणाली. हिशोब विचारला नव्हता, मी नुसती बघत होते. "आठवं लागलं तर घालणारीचा हात वाईट."

हा आकडा मी पडताळून बघितला, कारण असे आकडे ऐकायला छान असतात आणि बरेचदा खोटे निघतात. एका आंघोळीला पंधरा लिटर धरा, चार माणसांना साठ. विहिरीचं पाणी २५ अंशांचं धरलं आणि अंगावर घ्यायचं ४२ चं, तर चढवायचे १७ अंश. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात. साठ गुणिले सतरा गुणिले ४.२ म्हणजे ४,२८४. एका युनिट विजेत ३,६०० किलोज्यूल. म्हणजे चार आंघोळींना जवळजवळ १.२ युनिट. आता सोडणं. वाळकं सोडण पाव किलोच्या आसपास भरतं, म्हणजे सात मिळून पावणेदोन किलो. ढोबळ मानाने किलोला साडेचार युनिटांइतकी उष्णता धरली तर सातांत होते आठेक युनिट. हंड्यातल्या पाण्याला लागते ती १.२. थोडक्यात, सातातलं एकच सोडण पाणी तापवतं आणि सहा सोडणं चिऱ्याची भिंत, पत्रा, पहाटेची हवा आणि काकीचं तोंड तापवतात. उघड्या चुलीचा हाच स्वभाव आहे. म्हणजे काकीचा आकडा खरा, आणि तिचा हातही चांगला.

सुनेला मी हे सांगितलं तर ती हसली नाही. ती म्हणाली, "मग दिवसाला १.२, महिन्याला ३६." तिच्या डोक्यात आधीपासून दुसरा आकडा पक्का होता: शंभर. घरगुती विजेचा दर शंभर युनिटांपर्यंत एक आणि त्यापुढच्या युनिटांना बराच चढा. दिवे, टीव्ही, फ्रिज, विहिरीवरचा पंप यांत हे घर शंभराच्या अलीकडे कसंबसं राहतं. गीझरचे ३६ येऊन बसणार ते त्याच्यावर, म्हणजे त्यांतले बहुतेक चढ्या दराने. गॅसवर पाणी तापवायचं तर १४.२ किलोचा सिलिंडर महिना काढत नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघर शेगड्या गेल्या आणि कोकणातल्या स्वयंपाकघरांतल्या कित्येक चुली खरोखर विझल्या. न्हाणीतल्या विझल्या नाहीत, त्याचं कारण या साध्या बेरजेत आहे. भात-आमटी गॅसवर परवडते, साठ लिटर पाणी नाही.

सोलरचंही झालं बोलून. हिवाळ्यात रत्नागिरीचं ऊन चोख असतं, उन्हं वर आली की टाकी तापते. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कढत पाण्याची खरी गरज तेव्हाच. अंग ओलं, कपडे ओले, भिंती ओल्या. त्या चार महिन्यांत छपरावरची काचेची नळकांडी ढगांकडे बघत बसणार आणि न्हाणीतला जाळ पाणी तापवता तापवता मुलांचे गणवेशही सुकवणार. म्हणून आगोटीच्या आधी, मे महिन्यात, काकी सोडणं, पोयी, चुडतं पडवीत छपरापर्यंत रचते. त्या रचलेल्या ढिगावर तिचा जीव आहे, आणि त्यात विंचू असतो हेही तिला ठाऊक आहे.

एवढं सगळं फुकट, असं मुलगा म्हणतो. शब्दशः त्याचं खरं आहे. पैसा कुठे जात नाही. नारळ सोलणारा येतो, पहारीवर नारळ आपटून सोलतो, व्यापारी सोललेले नारळ उचलतो, सोडणं आगरात पडून राहतात. पण आगरातून पडवीपर्यंत ती चालत येत नाहीत. दिवसाला सात म्हणजे वर्षाला अडीच हजारांवर सोडणं. ती वेचायची, उन्हात पसरायची, दुपारी उलटायची, अवकाळीचा ढग दिसला की धावत गोळा करायची. पाठीत वाकलेल्या बाईने. महिन्याच्या ३६ युनिटांची जी बचत घर मोठ्या अभिमानाने सांगतं, ती या पाठीतून येते. मजुरीवर बाई लावून हेच काम करून घेतलं तर दोन दिवसांत गीझर स्वस्त ठरेल.

आणि धूर. सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ मध्ये सुरू केला आणि तो २००२ पर्यंत चालला. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने पालापाचोळ्याच्या इंधनावर आणि कमी धुराच्या चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. घरातल्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे तीस लाख माणसं अकाली मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे सगळं बोलणं मुख्यतः स्वयंपाकाच्या चुलीबद्दल असतं. न्हाणीतला जाळ त्याच्या बाहेर राहतो, कारण तो उघड्यावर असतो, पाऊण तासाचा असतो. काकीची न्हाणीही छातीच्या वर मोकळी आहे. पण ती बसते जमिनीवर, चुलीच्या तोंडाशी, आणि तिथे भिंती तिच्या डोक्यापेक्षा उंच आहेत. पहाटेचा तिचा खोकला मी आधी थंडीचा समजावा असाच होता. मग लक्षात आलं की सहा वाजता जाळ ओसरला की तोही ओसरतो.

आंघोळींचा क्रम ठरलेला. मुलाला पहिल्या पाळीची गाडी, म्हणून तो आधी. मग दोन्ही नातवंडं, मग सून. प्रत्येकाच्या बादलीत काकी स्वतः कढत पाणी काढून विसण घालते, कोपर बुडवून बघते. काढलं तेवढं थंड पाणी ती हंड्यात परत ओतत जाते, म्हणजे शेवटी हंडा भरलेलाच, पण निखाऱ्यांवर नुसता कोमट.

सात सोडणांत चार आंघोळी, आणि घरात माणसं पाच.

सून गेल्यावर काकी त्या कोमट पाण्याने पटकन दोन तांबे अंगावर घेते आणि बाहेर येते. थंडी असो, श्रावणातली झड असो. मी विचारलं, काकी, तुमच्यासाठी आणखी दोन सोडणं का घालत नाही? ढीग तर छपराला लागलाय. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू ढीग मी चोरायला आले आहे. "म्हातारीला कशाला गो बाय कढत पाणी? मी काय कामावर जातंय?"

सुनेने हे दारातून ऐकलं. तिने फ्रिजवरचं बिल काढलं. गेल्या महिन्याचे ८८ युनिट. ३६ भागिले चार, नऊ. ८८ आणि नऊ, ९७. "आई, तुमच्या एकटीची आंघोळ गीझरवर झाली तरी शंभराच्या आतच राहतो आपण. उद्यापासून मी बटण लावून जाणार."

मुलाने बिल हातात घेऊन बेरीज पुन्हा केली. बरोबर होती. त्याला काही बोलायला उरलं नाही आणि तो चप्पल शोधायला लागला.

काकीने राख ओढली, बोटं मोजत विचारलं, "म्हणजे माझ्या वाटचे नऊ युनिट शिल्लक हायत तर."

"हो."

"मग त्याची इस्त्री फिरव की. एसटीत चुरगळलेला शर्ट घालून जातो, लोक काय म्हणतील?"