शाईत करडा रंग नसतोच

काळ्या शाईच्या नुसत्या रेघांनी काढलेल्या चित्रात करडा रंग कुठेच नसतो. पूर्वीपासून ही शाई म्हणजे काजळी आणि डिंक. कागदावर एक तर ती असते किंवा नसते. तरी चित्रातल्या तांब्यावर मऊ सावली दिसते, ती कुठून येते?

येते ती आपल्या डोळ्यातून. दोन रेघांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर ठेवून चौकोन भरा. हातातल्या कागदावर रेघा सुट्ट्या दिसतात. कागद भिंतीला लावून दोनेक मीटर मागे सरका, रेघा विरघळतात आणि सलग करडा पट्टा उरतो. इतकी बारीक फट तिथून डोळ्याला वेगळी काढताच येत नाही. म्हणजे चित्रातली सावली बघणाराच घडवतो! मला यातलं नवल कधी संपत नाही.

रेघ आणि छटा मिळून भाव कसा बदलतात, हे जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला दगडात पाहता येतं. तिथे यादवकालीन देवळं आहेत आणि मोकळा उभा असलेला एक उंच कोरीव स्तंभ. दगड मराठवाड्याचा नेहमीचाच, काळा बेसाल्ट, म्हणजे जवळपास साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. अशा कोरीव कामावर सकाळी बाजूने ऊन आलं की उभ्या कडा धारदार होतात. अर्धं अंग उजळ, अर्धं अंधारात. दगड करारी वाटतो. ऊन माथ्यावर चढलं की आडव्या कंगोऱ्यांच्या सावल्या खाली उतरतात, थरावर थर बसल्यासारखे दिसतात आणि तोच दगड जड, निवांत होतो. दगड तसूभर हललेला नसतो. बदललेली असते फक्त काळ्या रेघांची दिशा आणि रुंदी.

टाकाने नेमकं हेच करायचं असतं. आडव्या, समान अंतराच्या रेघांनी तांब्या शांत बसतो. त्याच्या पोटाबरोबर वळणाऱ्या रेघा त्याला वजन देतात. तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दाट होत गेली की खोली कोंदट वाटायला लागते. बोरूची तऱ्हा आणखी न्यारी. बुडवल्यावर पहिली रेघ ठसठशीत आणि शाई संपत आली की खरखरीत, तुटक. त्या तुटक रेघेत हवा खेळते. व्हॅन गॉगने 1888 साली आर्लमध्ये बोरूसारख्याच लेखण्या कापून घेऊन चित्रं काढली, त्यांतली शेतं आजही सळसळतात.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतल्या स्थिरचित्रामुळे आपल्याकडे अनेकांचा हात वस्तूच्या बाह्यरेषेवर बसलेला असतो. शाई हाती घेतल्यावर मात्र ती सवय थोडी सोडावी, असं मला मनापासून वाटतं. इटलीतल्या बोलोन्याच्या चित्रकार जॉर्जो मोरांदीने बाटल्या आणि भांड्यांची अम्लरेखनं (एचिंग) केली, त्यांत वस्तू उभ्या राहतात त्या बहुतेक रेघांच्या जाळीतून. जिथे भांड्याची सावली मागच्या काळोखाला भिडते, तिथे कड काढायचीच नाही. उजेडाची बाजू नीट उमटली असेल, तर उरलेला काठ बघणारा आपोआप पुरा करतो.