झऱ्याच्या उबेला आलेला मॅनेटी

पौषातल्या पहाटे विहिरीतून पोहरा काढला की पाण्याच्या वाफा निघतात, हाताला पाणी कोमट लागतं. ते कुणी तापवलेलं नसतं. खोल जमिनीत वरचं ऊन-थंडी फारसं पोहोचत नाही, म्हणून तिथलं पाणी बारा महिने जवळपास सारखंच राहतं. बाहेर गारठा पडला की तेच उबदार वाटतं. याच उबेवर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एक भला मोठा प्राणी हिवाळा काढतो. आज त्याच्याविषयी सांगतो.

तिथली सिल्व्हर नदी झऱ्यांची आहे. जमीन चुनखडीची, त्यामुळे पाऊस भेगांतून खाली मुरतो आणि झऱ्यांतून वर येतो, वर्षभर साधारण 22 अंशांचा. जेमतेम आठ किलोमीटर वाहून ती ओक्लावाहा नदीला मिळते.

हिवाळ्यात लोक इथे कयाक घेऊन येतात. कयाक म्हणजे एका-दोघांची अरुंद, हलकी होडी. वल्ह्याच्या एकाच दांड्याला दोन्ही टोकांना पातं असतं. इंजिन नाही, म्हणून आवाज नाही, आणि जनावर बुजत नाही. (आपल्या वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायकाही वल्ह्याच्या होडीतूनच कांदळवन दाखवतात.) काठावर मगरीच्या जातीतले ॲलिगेटर ऊन खात पडलेले, ओंडक्यांवर कासवं. आणि झाडांवर चक्क आपल्याकडे मदाऱ्याबरोबर दिसतात ती लाल तोंडाची माकडं! 1930च्या दशकात एका होडीवाल्याने पर्यटकांसाठी ती नदीतल्या बेटावर सोडली. माकडं पोहतात हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. ती पोहून रानात गेली.

पण माणसं कुडकुडत येतात ती मॅनेटीसाठी. चार-पाच क्विंटलचा, पाण्यातलं गवत खाणारा गरीब प्राणी. एवढं अंग असूनही थंडी सोसत नाही. 20 अंशांखालच्या पाण्यात बराच काळ राहिला तर आजारी पडून मरतो, म्हणून थंडीत झरा गाठतो. श्वासाला वर आला की मोटारबोटीचा पंखा लागतो. पाठीवर वण असलेले मॅनेटी पुष्कळ. त्याला शिवणं, खाऊ घालणं, त्याच्यामागे लागणं कायद्याने बंद आहे. आम्हाला हे फार पटलं, कारण हुसकलेला मॅनेटी जाणार कुठे? थंड पाण्यातच.

खरा धोका मात्र शेतातून आणि घरातून येतो. खतं आणि शौचालयांच्या टाक्यांतलं नायट्रेट मुरून झऱ्यात उतरतं, शेवाळ माजतं. उपशामुळे झऱ्याचं पाणीही पूर्वीपेक्षा घटलं आहे. 2021 साली फ्लोरिडात 1,100 मॅनेटी मेले. पूर्व किनाऱ्यावरच्या एका खाडीत शेवाळाने ऊन अडवून गवत मारलं होतं, त्यामुळे त्यातले कितीतरी चक्क भुकेने गेले.

हेच नायट्रेट आपल्या विहिरीतही उतरतं. त्याला ना रंग, ना वास, आणि उकळून जात नाही. तान्ह्या बाळाला ते फार बाधतं. जलजीवन मिशनच्या पाणी तपासणी किटमध्ये नायट्रेटची तपासणी होते. आपल्या गावातलं किट कुणाकडे आहे, ते पुढच्या बैठकीआधी ग्रामपंचायतीत विचारून ठेवा.