पाच पट्ट्या, दोन बटणं

घरात लेगोच्या पातळ पट्ट्या असतील तर त्यातल्या पाच एकावर एक दाबून बसवा आणि ती चवड आडवी करा. दोन बटणांना जेवढी जागा लागते, बरोबर तेवढ्या जागेत ती बसते. पट्टीची जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून पाच पट्ट्यांची १६. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, म्हणून दोन बटणांचे १६. उभ्याचं आणि आडव्याचं माप इथे एकमेकांना भेटतं. हौशी लोकांनी प्लॅस्टिकच्या विटांतून उभे केलेले राजवाडे, पडकी घरं, माणसांचे चेहरे आणि चालती यंत्रं पाहून आपण थक्क होतो. त्या सगळ्यांच्या पोटात कुठे ना कुठे हा पाचास दोनचा हिशेब दडलेला असतो.

या मंडळींच्या भाषेत अशा कलाकृतीला ‘एमओसी’ म्हणतात, म्हणजे ज्याची त्याने स्वतःच्या डोक्याने केलेली रचना. खोक्यातली सूचनांची पुस्तिका बाजूला ठेवायची आणि विटा आपल्या मनाने लावायच्या. कुठे लिहिलेले नाहीत, पण पक्के मानले जाणारे त्यांचे नियम आहेत: वीट कापायची नाही, रंगवायची नाही, चिकटवायची नाही. प्रदर्शनासाठी मोठी शिल्पं करणारे काही कलावंत चिकटवतात, कारण ती गावोगावी न्यायची असतात. पण घरच्या टेबलावर रात्री जागून रचणाऱ्याला तसं करणं मान्य नसतं. कारखान्यातून जसा आला तसाच तुकडा वापरायचा. मला या छंदाची गोडी लागली ती या अटीमुळेच.

ही वीट मूळची डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावची. ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये तिथे लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. १९४९ मध्ये त्याने प्लॅस्टिकच्या विटा काढल्या. त्यामागची कल्पना हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या विटांवरून घेतलेली होती. लेगोच्या या पहिल्या विटा आतून पोकळ होत्या. एकीवर एक बसायच्या, पण धरून राहायच्या नाहीत. मुलाने जरा हात लावला की भिंत कोसळायची. तोडगा निघाला १९५८ मध्ये. विटेच्या पोटात नळ्या बसवल्या आणि २८ जानेवारीला त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज गेला. आता खालच्या विटेचं बटण वरच्या विटेची भिंत आणि तिची नळी यांच्यामध्ये किंचित आवळलं जातं. प्लॅस्टिक केसभर दबतं आणि परत मूळच्या आकारात येऊ पाहतं. हे परत येऊ पाहणं म्हणजेच पकड. झबल्याच्या टिचबटणासारखा ‘टिच्’ आवाज येतो आणि काम होतं. १९६३ पासून या विटा एबीएस नावाच्या कडक, झिजायला चिवट अशा प्लॅस्टिकच्या होऊ लागल्या. १९५८ सालची वीट आजही नव्या विटेवर बसते, कारण बटणाचं माप तेव्हापासून बदललेलं नाही.

आणि ताकद? २०१२ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या अभियंत्यांनी चार बटणांची साधी वीट यंत्राखाली दाबून पाहिली. सुमारे ४३० किलो भारापर्यंत ती टिकली आणि मग मऊ होऊन पसरली. म्हणजे नुसत्या वजनाचा विचार केला तर सर्वांत खालची वीट चेपण्याआधी साधारण साडेतीन किलोमीटर उंचीचा मनोरा रचता येईल. एवढा सरळ मनोरा उभा राहणार नाही हे उघड आहे. पण तळहातावरच्या सव्वा ग्रॅमच्याही आतल्या तुकड्यात एवढं बळ असतं.

आता मोजणी. आठ बटणांची वीट घ्या, चारास दोन अशी. एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तीन घेतल्या तर १,०६० प्रकार. सहा विटांचे किती, याचं उत्तर कंपनी बरीच वर्षं १०,२९,८१,५०० असं सांगत असे. कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांना त्यात एक उणीव दिसली. तो आकडा फक्त सहा थरांच्या मनोऱ्यांचा होता, म्हणजे प्रत्येक थरात एकच वीट. एका थरात दोन-तीन विटा शेजारी बसल्या आणि त्यांच्यावर पूल टाकला, तर ते प्रकार मोजलेच नव्हते. आयलर्स यांनी संगणकाकडून सगळे मोजून घेतले. खरा आकडा निघाला ९१,५१,०३,७६५. सहा विटा मुठीत मावतात, आणि त्यांच्या रचना एक्क्याण्णव कोटींच्या वर जातात.

तरीही अनुभवी हौशी माणूस विटा फक्त खालून वर रचून थांबत नाही. खालून वर रचलेल्या भिंतीवर बटणं आकाशाकडे बघत राहतात आणि प्रत्येक उतार पायऱ्यापायऱ्यांचा होतो. मग वीट कुशीवर निजवायची. या पद्धतीला त्यांच्यात ‘स्नॉट’ म्हणतात, म्हणजे बटणं वरच्या बाजूला नसलेली रचना. इथेच पाचास दोन कामाला येतं. अर्धी भिंत उभ्या थरांची आणि अर्धी कुशीवर निजलेल्या थरांची असली, तरी पाच पट्ट्यांनंतर दोन्हींच्या कडा पुन्हा जुळतात. कुशीला बटण असलेली एक छोटी वीट यासाठी फार लाडकी आहे. ती खेळण्यातल्या मोटारीला पुढचा दिवा लावता यावा म्हणून निघाली, म्हणून तिला ‘हेडलाइट’ची वीट म्हणतात. तिचं कुशीचं बटण पट्टीच्या निम्म्या जाडीएवढं, म्हणजे १.६ मिलिमीटर, आत सरकवलेलं आहे. या निम्म्या पट्टीच्या जोरावर हौशी लोक चौकटीत न बसणाऱ्या खिडक्या नेमक्या बसवतात, गाल गोल करतात आणि भिंतीवर अक्षरं कोरल्यासारखी उमटवतात. कंपनीने दिवा लावण्यासाठी दिलेली सोय त्यांनी भूमितीचं अवजार करून टाकली.

विटेच्या मापात थोडी ढिलाईही मुद्दाम ठेवलेली आहे. आठ मिलिमीटरच्या घरात वीट प्रत्यक्षात ७.८ मिलिमीटरचीच असते, म्हणजे दोन्ही बाजूंनी ०.१ मिलिमीटर कमी. शेजारची वीट सहज बसावी म्हणून ही फट सोडलेली असते. पण दोन बटणांच्या लांबट विटा आणि एका बटणाच्या गोल विटा आलटून पालटून लावलेली लांब भिंत घेतली, तर या सगळ्या बारीक फटी मिळून तिला वळायला जागा देतात. भिंत हळूहळू वाकवत नेली की दोन्ही टोकं एकमेकांना भेटतात आणि किल्ल्याचा गोल बुरूज तयार होतो. त्यात एकही वाकडा तुकडा नसतो.

सगळंच मात्र चालत नाही. शेजारशेजारच्या दोन बटणांमधली फट ३.२ मिलिमीटरची आणि पट्टीची जाडीही तेवढीच. मग पट्टी उभी करून त्या फटीत खोचली तर? कागदावर बरोबर बसते. प्रत्यक्षात जागा किंचित अपुरी पडते आणि प्लॅस्टिकवर कायमचा ताण राहतो. असे सांधे ‘बेकायदा’ मानतात. जेमी बेरार्ड यांनी २००६ मध्ये या विषयावर मांडणी केली आणि विटेला न दुखवता काय करता येतं, काय नाही, हे आकृत्यांसह दाखवलं. बेरार्ड स्वतः हौशी रचनाकार होते आणि पुढे कंपनीतच डिझायनर झाले. २००७ मध्ये आलेली ‘कॅफे कॉर्नर’ ही कोपऱ्यावरची इमारत त्यांचीच. २०१४ च्या ‘पॅरिशियन रेस्टॉरंट’ या संचात दर्शनी भागावरची नक्षी जवळून पाहिली तर ते पांढरे क्रोसाँ निघतात, म्हणजे बाहुल्यांच्या न्याहारीचे पाव. तुकड्याचं नाव विसरायचं आणि फक्त आकार बघायचा, ही दृष्टी हौशी लोकांकडूनच आली आहे.

अमेरिकेतल्या माइक डॉयल यांनी ही दृष्टी आणखी पुढे नेली. व्हिक्टोरियन धाटणीची मोडकळीला आलेली लाकडी घरं त्यांनी लाखाहून अधिक तुकड्यांतून रचली. फळ्या सुटलेल्या, ओटा खचलेला, चिखलाच्या लोंढ्याने घर कलंडलेलं. झिजायला चिवट म्हणून निवडलेल्या चकचकीत प्लॅस्टिकमधून त्यांनी कुजलेलं लाकूड दाखवलं. कुठे रंग नाही, कापाकापी नाही.

अँडोराच्या डेव्हिड अगिलार याची गोष्ट वेगळी आहे. जन्मापासून त्याचा उजवा हात कोपराच्या पुढे वाढलेला नव्हता. लहानपणापासून तो विटांतून स्वतःसाठी हात करून बघत होता. २०१७ मध्ये, अठराव्या वर्षी, लेगोच्या हेलिकॉप्टरच्या संचातले भाग वापरून त्याने कोपरात वाकणारा आणि वस्तू पकडणारा हात केला. तो हात घालून त्याने जोर काढले.

पण मला सगळ्यात जास्त भुरळ घातली ती अँड्र्यू कॅरोल यांच्या यंत्राने. १९०१ मध्ये ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ समुद्रात बुडालेल्या जहाजातून गंजलेल्या काशाचा एक गोळा वर आला. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं, दातेरी चाकांचं गणकयंत्र निघालं. कडी फिरवली की ते सूर्य-चंद्राच्या जागा आणि ग्रहणं दाखवत असे. अ‍ॅपलमध्ये सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या कॅरोल यांनी २०१० मध्ये त्याचं काम करणारं यंत्र लेगोच्या ‘टेक्निक’ या दातेरी चाकांच्या मालिकेतल्या तुकड्यांतून उभं केलं.

त्यातली अडचण समजून घ्यायला आपला अधिक महिना उपयोगी पडेल. १९ वर्षांचे बारा-बारा धरून २२८ चांद्रमहिने, त्यात ७ अधिक महिने मिळवले की २३५. तिथीने येणारा वाढदिवस एकोणिसाव्या वर्षी पुन्हा जवळपास त्याच तारखेला येतो, तो या मेळामुळे. ग्रीकांनाही हा मेळ माहीत होता. तेवढ्या १९ वर्षांत चंद्र ताऱ्यांमधून २५४ फेऱ्या मारतो, आणि २५४ म्हणजे दोनदा १२७. ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमहिन्यांचं, म्हणजे १८ वर्षं आणि ११ दिवसांच्या आसपास. आता १९, १२७ आणि २२३ या मूळ संख्या आहेत, त्यांचे अवयव पडत नाहीत. ग्रीक कारागिराला त्याची चिंता नव्हती. त्याने हाताने २२३ दात्यांचं चाक कापलं. लेगोवाल्याला कापायची मुभा नाही. त्याच्याजवळची नेहमीची चाकं ८, १६, २४, ४० दात्यांची. ती कशीही गुंफली तरी गुणाकार-भागाकारात २, ३ आणि ५ हेच अवयव येणार. त्यातून १२७ कधीच निघणार नाही.

गुणाकाराने येत नसेल तर बेरजेने आणायचं. मोटार वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. ते जमतं डिफरन्शियलमुळे. त्याच्या मधल्या चौकटीच्या फेऱ्या म्हणजे दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांच्या बेरजेचा निम्मा भाग. म्हणजे डिफरन्शियल हे बेरीज करणारं यंत्रच झालं, आणि एक बाजू उलटी फिरवली की वजाबाकी करणारं. टेक्निकमध्ये हा भाग खेळण्यातल्या मोटारींसाठी मिळतो. कॅरोल यांनी त्याला आकाशाचा हिशेब करायला लावलं. मी कागदावर मांडून पाहिलं. १२७ म्हणजे १२५ अधिक २, आणि १२५ हा नुसत्या पाचांचा गुणाकार. १९ म्हणजे १८ अधिक १. २२३ म्हणजे २२५ वजा २, आणि २२५ मध्ये दोन तीन आणि दोन पाच. या तिन्ही अडेल संख्या अशा दोन सोप्या संख्यांत फोडता येतात. कॅरोल यांच्या यंत्रात शंभराहून जास्त चाकं आहेत. कडी फिरवली की ती कुरकुरत एकमेकांना बेरजा देतात, वजाबाक्या घेतात, आणि मग पलीकडचा काटा त्या दिवसावर येऊन थांबतो ज्या दिवशी सूर्य झाकला जाणार आहे.