फेल झालेली टेस्ट काय सांगते?

सी भाषेत युनिट टेस्ट लिहायचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: या भाषेत तयार सोय काहीच नाही, म्हणजे आधी एखादे मोठे फ्रेमवर्क प्रोजेक्टमध्ये आणून बसवावे लागणार. प्रत्यक्षात जॉन ब्रूअर यांचे मिनयुनिट हे फ्रेमवर्क मूळ रूपात अवघ्या तीन ओळींचे आहे: दोन मॅक्रो आणि किती टेस्ट चालल्या ते मोजणारे एक व्हेरिएबल. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. खोटी लांबी सांगणाऱ्या एका छोट्या संदेशाच्या बदल्यात सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा मजकूर बाहेर येत होता. त्यावर माइक ब्लँड यांनी लिहिलेली टेस्ट साध्या सीमध्येच होती. तयारी करणारे, संदेश देऊन उत्तर तपासणारे आणि शेवटी आवराआवर करणारे अशी काही छोटी हेल्पर फंक्शन्स तिला पुरली. तेव्हा अडचण साधनांची नाही. हेल्पर लिहिताना आपण टेस्ट पास होण्याचाच विचार करतो आणि ती फेल होईल तेव्हा समोर काय दिसेल हे ठरवायचे राहून जाते, अडचण तिथे आहे.

‘असर्ट आहे की, हेल्पर कशाला?’ या प्रश्नामागे हीच चूक असते. असर्ट फसले की फाइल, ओळ आणि लिहिलेली अट छापते आणि अबॉर्ट करून प्रोग्रॅमच थांबवते. त्या अटीतल्या व्हेरिएबलची किंमत त्या वेळी किती होती, हे ते सांगत नाही. पुढच्या टेस्टही चालत नाहीत. शिवाय एनडीबग हे नाव डिफाइन केले की असर्टची ओळ अटीसकट नाहीशी होते. जीसीसीबरोबर सीमेक वापरून रिलीज बिल्ड केले तर हे नाव आपोआप डिफाइन होते, म्हणजे टेस्टमधली एकही तपासणी न होता सगळे हिरवे दिसू शकते. डीबगर लावला की किंमती कळतातच, असे कोणी म्हणेल. कळतात, पण बिल्ड सर्व्हरवर रात्री फेल झालेल्या टेस्टजवळ डीबगर घेऊन कोणी बसलेले नसते. प्रोग्रॅमच्या आतली गृहीतके तपासायला असर्ट उत्तमच आहे. टेस्टचा निकाल सांगायला ते अपुरे पडते.

मग तुलना करणारे एक फंक्शन लिहू, मॅक्रो नकोच, असा सावध सल्ला दिला जातो. मॅक्रोबद्दलचा संशय रास्त आहे, पण इथे निव्वळ फंक्शनने भागत नाही. फाइल आणि ओळ देणारी सीची अंगभूत नावे जिथे लिहिली असतील तिथलाच पत्ता देतात. ती हेल्परच्या आत लिहिली तर शंभर टेस्टपैकी कोणतीही फेल होवो, पत्ता हेल्परचाच छापला जाणार. फंक्शन इनलाइन केल्यानेही हे बदलत नाही. उलट सगळेच काम मॅक्रोत कोंबले तर दुसरा घोळ होतो. समजा, रांगेतून पुढची संख्या काढणारे फंक्शन तपासायचे आहे. अपेक्षा ५ ची आणि रांगेत आधी ४, मग ५. मॅक्रो दिलेला फंक्शन कॉल एकदा तुलनेसाठी आणि पुन्हा छापण्यासाठी वापरतो. दोन्ही वेळा फंक्शन चालते. तुलनेत ४ येते, टेस्ट फेल होते आणि संदेश छापला जातो: ‘अपेक्षित ५, मिळाले ५’. असा संदेश वाचून माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. यावरचा तोडगा जुना आणि साधा आहे. मॅक्रो पातळ ठेवायचा. त्याने फाइल, ओळ आणि दोन्ही किंमती खऱ्या फंक्शनकडे सोपवायच्या. फंक्शनला दिलेली किंमत एकदाच काढली जाते आणि पत्ताही टेस्टचा राहतो.

‘समान’ म्हणजे काय, याबद्दलही बराच भाबडेपणा आहे. दोन स्ट्रक्ट मेमसीएमपीने ताडून पाहणे सोपे वाटते. पण एक कॅरेक्टर आणि एक इंट असलेला स्ट्रक्ट नेहमीच्या मशीनवर ५ ऐवजी ८ बाइट घेतो. मधल्या ३ रिकाम्या बाइटमध्ये काय असेल याची हमी नाही, त्यामुळे सारखे स्ट्रक्टही वेगळे ठरू शकतात. स्ट्रिंगच्या बाबतीत याच्या उलट होते. दोन्ही पॉइंटर थेट ताडले तर तुलना पत्त्यांची होते, मात्र कंपायलरने सारखे मजकूर एकाच जागी ठेवले असतील तर टेस्ट योगायोगाने पास होते. स्ट्रसीएमपीला नल दिले तर वर्तनच अनिश्चित. दशांश संख्यांमध्ये ०.१ आणि ०.२ यांची डबलमधली बेरीज ०.३ शी जुळत नाही, हे बहुतेकांना माहीत असते, तरी टेस्टमध्ये बरोबरची दोन चिन्हे दिसतातच. म्हणून प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र हेल्पर हवा.

हेल्पर वाढले की त्यांच्यातही चुका होणार, त्यांची टेस्ट कोण करणार? आक्षेप खरा आहे. त्यासाठी तुलनेच्या फंक्शनने प्रोग्रॅम न थांबवता खरे-खोटे परत द्यावे. म्हणजे मुद्दाम चुकीची जोडी देऊन ते ‘खोटे’ म्हणते का, हे पाहता येते. आणि काही तपासण्या हेल्परशिवाय होतच नाहीत. मेमरी संपली तर काय, हे तपासण्यासाठी एसक्यूलाइटच्या टेस्टमध्ये मॅलॉकची अशी आवृत्ती वापरतात, जी सांगितलेल्या मागणीला नकार देते. आधी पहिली मागणी फसवतात, मग दुसरी, मग तिसरी, असे एकही मागणी न फसता काम पूर्ण होईपर्यंत चालते. ही सगळी फेरी दोनदा होते: एकदा फक्त ती एक मागणी फसवून आणि एकदा तिच्यापासून पुढच्या सगळ्याच.