सोसायटीचे सभासद नावापुरते राहू नका

प्रिय धर्मग्रामस्थहो,

मागच्या पावसाळ्यात आपल्यातील एका घरी आजारी बाईला भेटायला गेलो होतो. तिचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. खर्चासाठी घरातील सोने गहाण पडले होते. तिचा नवरा वीस वर्षे गावच्या कृषी पत्तीन सोसायटीचा सभासद. 'यशस्विनी'त नाव घातले होते का, असे मी विचारले. तो म्हणाला, "फादर, मी सोसायटीत फक्त खत आणायला जातो." शेअरची पावती पेटीत जपून ठेवलेली होती; पण नाव नोंदवायची मुदत कधी आली नि कधी गेली, हे त्याला ठाऊकच नव्हते.

यशस्विनी ही कर्नाटकातील सहकारी सोसायट्यांच्या सभासदांसाठी असलेली आरोग्य योजना. ती २००३ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये बंद पडली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या वेळी खेड्यातील चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाची वर्गणी ५०० रुपये होती आणि वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय होती. ठरलेले उपचार ठरलेल्या दवाखान्यांतच मिळतात आणि नाव दरवर्षी नव्याने नोंदवावे लागते. म्हणून यंदाची वर्गणी किती, मुदत कोणती आणि जवळचा दवाखाना कोणता, हे सेक्रेटरींना आधीच विचारून ठेवा. दुखणे आल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट पीक कर्जाची. केंद्र सरकारच्या योजनेत ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज ७ टक्के व्याजाने मिळते आणि वेळेत फेडणाऱ्याला त्यात ३ टक्के सूट मिळते. उरलेल्या व्याजाचा भार कर्नाटक सरकार उचलते, म्हणून मुदतीत फेडणाऱ्याला हे कर्ज बिनव्याजी पडते. "उसाचे बिल आले की भरू" म्हणून मुदत चुकली, की सवलत जाते आणि व्याज अंगावर बसते. एक लाखाला वर्षाचे ७ टक्के म्हणजे ७,००० रुपये. परतफेडीची तारीख घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या.

तिसरी गोष्ट वार्षिक सभेची. मार्चअखेर हिशेब बंद झाल्यावर सहा महिन्यांच्या आत ही सभा होते. सहकारात शेअर कितीही असोत, मत एकच. दहा एकरवाल्याचे एक आणि दहा गुंठेवाल्याचेही एकच. सभेला जाऊन नुसती सही करून परतू नका. अहवाल आधी मागून घ्या आणि तीन प्रश्न विचारा: थकबाकी किती? नफा-तोटा किती? खत-बियाणे वेळेवर का आले नाही? सभांना सतत गैरहजर राहणाऱ्या आणि सोसायटीशी व्यवहार न ठेवणाऱ्या सभासदाचा मतदानाचा हक्कही जाऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

भगिनींनो, शेतात तुम्ही राबता, पण सभासद बहुधा घरधनीच असतो. सोसायटीच्या नियमांत बसत असेल तर तुम्हीही सभासद व्हा. निदान पतीच्या शेअरवर वारस म्हणून कोणाचे नाव आहे, ते तरी पाहून घ्या. माणूस गेल्यावर कागदासाठी हेलपाटे घालणाऱ्या विधवा मी पाहिल्या आहेत.

सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी शेतकऱ्यांनी एकत्र यावे, म्हणून १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावात सिद्दनगौडा पाटील यांनी आपल्या देशातील पहिली कृषी पतसंस्था उभी केली. त्यांनी कमावलेला हा वारसा आपण पेटीत बंद करून ठेवतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील त्या चाकरानेही धन्याचे धन बुडवले नव्हते, फक्त जमिनीत पुरून ठेवले होते. तरी त्याला बोल लागला.

येत्या रविवारी मिस्सानंतर आपापली शेअरची पावती घेऊन सभागृहात या. वारसाचे नाव, कर्जाची तारीख आणि यशस्विनीची नोंद, या तीन गोष्टी आपण मिळून तपासू.

आपला,
धर्मगुरू